अंगीकारातलं अंग

माय, मास्तरांना आज माती देऊन आले. दुपारचे तीन वाजले असतील. चपलांना कब्रस्तानातली काळी माती तशीच चिकटलेली आहे आणि मी हातपाय न धुता स्वयंपाकघरात ओट्यापाशी स्टूल ओढून तुला लिहायला बसले आहे. तू असतीस तर दारातच अडवलं असतंस, "मातीवून आली नं, आंधी आंग धू, मंग घरात पाय ठेवजो," म्हणून. धुईन. पण आधी हे लिहू दे. आज माझ्या हातून जे झालं ते मी साठ वर्षं मनात घोळवत होते, आणि ते झाल्यावर मला आनंद झाला. लोक रडत होते, मास्तरांची नात ओढणी तोंडात कोंबून हुंदके देत होती, आणि मी आतून थंडगार, खुशीत उभी होते. तुझ्यापासून काय लपवायचं. तुला जाऊन पस्तीस-छत्तीस वर्षं झाली, तरी तुझ्याशी खोटं बोलायची हिंमत होत नाही.

मास्तर कोण हे तुला सांगायची गरज नाही. तरी लिहिते, कारण रागात माणसाला सगळं पहिल्यापासून मांडावंसं वाटतं. आपल्या मंडळीच्या शाळेचे मास्तर, मला चौथीपर्यंत शिकवलेले, आणि आपल्या चर्चच्या वडील मंडळींचे चिटणीस. वडील पाच होते. मंडळीला जे शिकवलं जातं ते खरं आहे की नाही हे पाहायला, आणि कोणी त्यात हात घातला तर उभं राहायला नेमलेले पाच बाप्ये. चौघांना मी केव्हाच सोडून दिलं. त्यांना समजलंच नव्हतं. मास्तरांना समजलं होतं. पीक राखायला माळ्यावर बसवलेला माणूस झोपला तर एक वेळ सोडून देता येतं, पण हा माणूस टक्क जागा होता आणि ढोरं शिरताना पाहत बसला होता.

दारव्ह्याचं आपलं ते दोन खोल्यांचं घर आठवतं. चर्चच्या मागच्या भिंतीला लागून. बाबा जिनिंगमध्ये पाळीवर, आणि तुझ्याकडं चर्चची झाडलोट, घंटा आणि प्रभुभोजनाची तयारी. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असायचं, सगळ्या मंडळीला भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट, म्हणून त्याच्या आदल्या दिवशी तू मनुका निवडायला बसायचीस. द्राक्षं तेव्हा आपल्या मुलखात कोणी पाहिली होती? मनुकांच्या काड्या काढायच्या, भिजवायच्या, गंजात मंद आचेवर शिजवायच्या, हातानं कुस्करायच्या आणि धुतलेल्या पांढऱ्या फडक्यातून पिळायच्या. एक मनुका तोंडात टाकू द्यायची नाहीस. आणि पिळताना अंगीकार म्हणायचीस. आपण कशाकशावर विश्वास धरतो ते सगळी मंडळी उभी राहून म्हणते, तो विश्वासाचा अंगीकार. तुला अक्षर येत नव्हतं. अंगीकार तू कानानं घेतला होतास आणि त्यात एक शब्द चुकीचा बसला होता. येशूनं पंतय पिलाताच्या वेळेस दुःख भोगलं, असं आहे ते. तू म्हणायचीस, "पंत पाटलाच्या वेळेस."

मी पाचवीत गेले तशी मला त्याची लाज वाटायला लागली. एकदा तू फडकं पिळत होतीस आणि मी मध्येच म्हटलं, "माय, पाटील नाही, पिलात. येशूला क्रुसावर दिलं तो रोमी सुभेदार." तू हात थांबवला नाहीस. म्हणालीस, "तुया पिलात कोनं पाह्यला? मी पाटील पाह्यला." मग पहिल्यांदा आणि एकदाच तू मला सांगितलंस, की नेरकडच्या तुझ्या गावात चावडीपुढं तुझ्या बापाला मारलं तेव्हा पाटील ओसरीवर उभा होता. "त्याले माहीत होतं, माया बापानं काही केलं नाही म्हनून. बोलला नाही. लोटाभर पानी घेतलं, हात धुतले अन् जेवाले बसला. तुया पुस्तकातल्यानं दुसरं काय केलं?" पण लाज काही गेली नाही. चर्चमध्ये तुझ्या शेजारी उभी असले की तो शब्द यायच्या आधी मी मुद्दाम मोठ्यानं पिलात म्हणायची, तुझा पाटील झाकायला.

धाकटा गेला तो छप्पनचा पावसाळा. चार वर्षांचं लेकरू, हगवण लागली आणि दोन दिवसांत संपलं. त्याच्या डाव्या हाताला सहा बोटं होती. अंगठ्याला लागून एक इवलंसं, नखासकट. पोरं चिडवायची आणि तू म्हणायचीस, देवानं त्याले एक जास्तीचं देलं, तुमच्या पोटात काहून दुखते? बाजाराच्या रस्त्याला लागून आपलं जुनं कब्रस्तान होतं. तिथं खड्ड्याच्या काठावर तू पेटीचं झाकण लावू देईनास. आपले म्हातारे पाळक चिखलात गुडघ्यावर बसले. तू त्यांना विचारलंस, "पाळकबावा, खरं सांगा. हा उठन त सहा बोटानं उठन का पाच?" बाबांनी मान खाली घातली. मला वाटलं पाळक आता रागावतील. पण ते म्हणाले, "साहीच्या साही बोटानं, बाई. त्याशिवाय तू त्याला ओळखशील कशी?" मग तू झाकण सोडलंस. शेवटच्या दिवशी मेलेले देहासकट उठतील, ते देहाचं पुनरुत्थान म्हणजे काय हे मी पुढं पुष्कळ पुस्तकांत वाचलं. त्या चिखलातल्यापेक्षा जास्त कोणी सांगितलं नाही. त्या दिवसापासून अंगीकारात तो शब्द आला की तुझा आवाज चढायचा. देहाचे. बाकीचं तू सगळ्यांबरोबर म्हणायचीस आणि हे एकटीचं असल्यासारखं.

त्याच वर्षी दसऱ्यानंतर नेरच्या मावशीच्या घरानं बुद्धाचा धर्म घेतला. मावशी सांगायला आली, दोघी भांडलात, रडलात, शेवटी एका ताटात जेवलात. ती गेल्यावर तू म्हणालीस, "तिनं सोडलं त चारचौघांत सांगून सोडलं. तोंडावर सांगून गेली." तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही. पुढं वाटलं. कारण आपल्याकडं सोडायचं काम सुरू झालं ते न सांगता.

म्हातारे पाळक थकून पुसदकडं आपल्या गावी गेले आणि तिकडंच वारले. त्यांच्या जागी नवे पाळकसाहेब आले. मोठ्या शहरात शिकलेले, बुशशर्ट, खिशाला पेन, सायकलीला दिवा. माणूस गोड बोलायचा. मामलेदार, डॉक्टर, कापसाचे व्यापारी सगळ्यांकडं ऊठबस. ते म्हणायचे की शिकलेली माणसं आपल्याला हसतात, आपण जरा काळाप्रमाणं बोलायला पाहिजे. दुसऱ्या ईस्टरला त्यांनी प्रवचन केलं की येशू उठला तो शिष्यांच्या आठवणीत उठला, आणि आपलीही माणसं तशीच आपल्या आठवणीत उठतात. ऐकायला छान वाटलं. मला तर फारच छान वाटलं, मी आठवीत होते. मग त्यांनी चक्रमुद्रित केलेले नवे कागद वाटले. वर प्रार्थना आणि खाली अंगीकार. सगळे उभे राहिलो. ज्यांना वाचता येत होतं त्यांनी कागद वाचला. ज्यांना येत नव्हतं त्यांनी पाठ होतं ते म्हटलं. पापांची क्षमा झाली आणि पुढं वाचणारे सगळे पुनरुत्थानावर गेले, पाठ म्हणणारे बिचकून त्यांच्यात मिसळले, आणि मागं दाराशी घंटेच्या दोरीजवळ उभ्या असलेल्या तुझा एकटीचा आवाज राहिला. देहाचे.

घरी आल्यावर तू चूल पेटवली नाहीस. माझ्या हातात कागद होता. "पाह्य व, तुया कागदात देह हाय का?" मी वरून खाली पाहिलं. "नाही." "नीट पाह्य." "नाही माय, नुसतं पुनरुत्थान आहे." तू खाली बसलीस. म्हणालीस, "अंगीकारातून अंगच काढून टाकलं, बाप्पा, यानं." बाबा बाजेवर बसून चपलेचा अंगठा शिवत होते. ते म्हणाले, "तू काहून बोलून राह्यली? वडील मंडळी हाय ना बोलाले." तू म्हणालीस, "मंग थे बोलत काहून नाही?" बाबा पुन्हा चपलेला लागले. मी मनात म्हटलं, एका शब्दासाठी एवढं काय. मला सहा बोटं आठवलीच नाहीत. तुला दुसरं काही आठवत नव्हतं.

त्या आठवड्यात तू पाचही वडिलांच्या दारात गेलीस. एक म्हणाला छापताना सुटलं असंल. एक म्हणाला शिकलेल्या माणसाले आपन काय सांगावं. एकानं दारातूनच विचारलं, कायले आली, आणि ऐकून न घेता गाईला पाणी दाखवायला निघून गेला. चौथ्यानं तुला चहा पाजला आणि शब्दाचं काहीच बोलला नाही. मास्तर घरी नव्हते. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर ते स्वतःच आपल्याकडं आले. हाताला खडू होता. तू पाण्याचा लोटा दिलास, त्यांनी उंबऱ्याबाहेर हात धुतले आणि आत येऊन चटईवर बसले. म्हणाले, "काकू, तुमचं बरोबर आहे. ते छापताना सुटलेलं नाही, काढलेलं आहे. मी विचारलं त्यांना." तू विचारलंस, "मंग?" ते म्हणाले, "रविवारी मंडळीची सभा आहे. तुम्ही उठून बोला. बाईमाणूस बोलली की त्यांना उत्तर द्यावं लागेल. मी पाठीशी उभा राहतो." मी भाकरीचं पीठ मळत होते, माझ्या कानांनी ऐकलंय. तुझा चेहरा केवढा उजळला. त्यांच्यासाठी तू पोहे केलेस, त्यात घरातले होते नव्हते ते सगळे शेंगदाणे घातलेस.

सभा उपासनेनंतर झाली. बाप्ये बाकांवर, बाया चटयांवर. मी तुझ्या मागं दोन बाया सोडून बसले होते, शाळेतल्या मैत्रिणींजवळ. तू उठलीस, पदर नीट केलास आणि म्हणालीस, "साहेब, अंगीकारातला एक शब्द कमी झाला. थो परत टाका." पाळकसाहेब रागावले नाहीत. फार गोड हसून म्हणाले, "बाई, कमी काय झालं हे समजायला आधी सगळं यायला पाहिजे. म्हणून दाखवा बरं पूर्ण." तू हात जोडलेस, डोळे मिटलेस आणि सुरुवात केलीस. मला पुढं काय येणार ते माहीत होतं, आणि त्या क्षणी तुझा आवाज झाकायला मी तुझ्या शेजारी नव्हते. "पंत पाटलाच्या वेळेस दुःख भोगले," तू म्हणालीस. चटयांवरून कोणीतरी हसलं. मग बाकांवरून हसले, मग सगळी मंडळी हसली, आणि पाळकसाहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले. तू मागं वळून पाहिलं नाहीस. हसू संपेपर्यंत तशीच उभी राहिलीस आणि जिथं थांबली होतीस तिथून पुढं म्हणायला लागलीस, शेवटपर्यंत. तो शब्द आल्यावर तुझा आवाज चढला. मग तू डोळे उघडून मास्तरांकडं पाहिलंस.

मास्तर मान खाली घालून लिहीत होते. पाळकसाहेब म्हणाले की ज्यांना पिलात आणि पाटील यातला फरक कळत नाही त्यांनी मंडळीला देह आणि आत्मा शिकवावा, हा काळ आला आहे. पुन्हा हसले लोक. मग ते गंभीर झाले. मंडळीत फूट पाडल्याबद्दल, क्षमा मागेपर्यंत तुला प्रभुभोजनातून बंद करायचा ठराव मांडला. वडिलांचे हात मागितले. चार हात वर गेले. पाचवा थोडा थांबून गेला, आणि त्यात पेन होतं. सगळ्यांनी अंग काढून घेतलं, माय, पण त्या पाचव्यानं आपल्या घरी शेंगदाण्याचे पोहे खाल्ले होते. घरी येताना तू एवढंच म्हणालीस, "पाटील आलता शनवारी. हात धुऊन गेला." ठराव त्यांच्याच वळणदार अक्षरात आहे. पुढं मी स्वतः वडील मंडळीत गेल्यावर तो काढून पाहिला. इतकं सुंदर अक्षर, एकही खाडाखोड नाही.

मनुकांचं काम मास्तरांच्या बायकोकडं गेलं. तिनं निवडल्याच नाहीत, की फडक्यातून गाळल्या नाहीत. पहिल्याच प्रभुभोजनाला लोकांच्या दातांत काड्या अडकल्या, चौथा वडील तर ठसकून लाल झाला, आणि मी मागच्या चटईवर बसून पोटभर समाधान मिळवलं. तू मात्र दाराशी दोरीजवळ उभी होतीस. पेला तुझ्यापर्यंत आला आणि तुला ओलांडून गेला. तू घंटा वाजवत राहिलीस, झाडत राहिलीस, अंगीकार पूर्ण म्हणत राहिलीस. क्षमा मागितली नाहीस. "मी काय चुकली?" विचारायचीस, आणि ज्याला उत्तर माहीत होतं तो रोज सकाळी आपल्या दारावरून शाळेत जायचा.

तो शब्द कशासाठी काढला ते पुढच्या हिवाळ्यात कळलं. जुनं कब्रस्तान कापसाच्या गाड्या उभ्या करायला द्यायचं आणि त्याच्या बदल्यात नदीपलीकडं जागा घ्यायची, असं ठरलं. पाळकसाहेबांनी प्रवचनात सांगितलं की देह माती आहे, मातीचा मोह धरू नये, आपली माणसं आपल्या आठवणीत आहेत. कोणाला काही बोलताच आलं नाही. बोलायला जो शब्द लागला असता तो वर्षभरापूर्वीच त्यांच्या तोंडातून काढून घेतला होता. आधी शब्द गेला, मग जागा गेली. यासाठीच तर लागतात राखणारी माणसं. शब्दावर हात पडतो तेव्हाच उठणारी, जागेपर्यंत वाट न पाहणारी. मला हे आता कळतं. तुला अक्षर न येता तेव्हा कळलं होतं. एके सकाळी तू टोपलं आणि खुरपं घेऊन कब्रस्तानात गेलीस, भर बाजाराच्या दिवशी, सगळ्यांच्या देखत. त्या टोपल्यात काय आणलंस ते मी विचारलं नाही. तू ते मडक्यात भरलंस, तोंडाला फडकं बांधलंस आणि अंगणात सीताफळाखाली पुरलंस. आठवड्याभरात त्या जागेवर बैलगाड्या सुटल्या.

पाळकसाहेब चार वर्षांनी मोठ्या मंडळीवर गेले, सत्कार होऊन. नंतरच्यांनी छापील पुस्तकं आणली, त्यात तो शब्द होता. जसा गेला तसाच गुपचूप परत आला. कोणी म्हटलं नाही की ती बाई खरी होती. मास्तरांनी म्हणायला पाहिजे होतं. ठरावाचं पुस्तक त्यांच्या कपाटात होतं. एक ओळ लिहायची होती, ठराव रद्द. वीस वर्षं त्यांनी ती लिहिली नाही, कारण लिहिली असती तर आपला हात का वर गेला होता तेही लिहावं लागलं असतं. आणि तू बंदच राहिलीस. शेवटी खाटेवर पडल्यावर तू प्रभुभोजन मागितलंस. तेव्हाचे पाळक म्हणाले, ठराव आहे, एकदा क्षमा माग म्हणावं. मी घरी आले, मनुका निवडल्या, शिजवल्या, पिळल्या, आणि स्टीलच्या ग्लासातून तुला पाजल्या. ते प्रभुभोजन होतं की मनुकांचं पाणी, देव जाणे. तू म्हणालीस, "काड्या नाही आल्या." तिसऱ्या दिवशी गेलीस. मडकं तुझ्या पेटीत उशाशी ठेवलं. तुझं म्हणणं होतं की दोघं सोबतच उठू, म्हणजे लेकरू भेणार नाही.

त्या ठरावापासूनच मी मास्तरांवर डूख धरला होता. समोरून आले तर रस्ता बदलला नाही, त्यांना बदलायला लावला. त्यांच्याच शाळेत तीस वर्षं शिकवलं आणि त्यांच्या निरोप समारंभात मला बोलायला सांगितलं तेव्हा घसा बसलाय म्हणून मी टाळलं. ते थकल्यावर त्यांच्या जागी वडील म्हणून उभी राहिले आणि निवडून आले. हो, मी आता वडील आहे, तू हसली असतीस. पहिल्या बैठकीत ठराव रद्द करून घेतला, त्यांना समोर बसवून, त्यांच्याच तोंडून वाचून घेऊन. मला वाटलं होतं तेवढ्यानं भागेल. भागलं नाही.

आठ दिवसांपूर्वी त्यांनी मला बोलावणं धाडलं. मोठे मास्तर आता एवढेसे झाले होते, पांघरुणाखाली कोणी आहे की नाही कळत नव्हतं. आयुष्यभर पुस्तकी बोलणारा माणूस वऱ्हाडीत बोलत होता. म्हणाले, "पाळक गावाले गेला. माती तूच देजो. अंगीकार तुया मायसारखा म्हन. देहाचे म्हनताना आवाज चढव." पुढं म्हणाले, "मले भेव वाटून राह्यलं व पोरी." मग बराच वेळ धाप लागली, आणि ती बसल्यावर म्हणाले, "अजून एक. त्या दिवशी मी हात वर केला, हाव. पन मी हसलो नव्हतो. पाह्यजो तू आठवून." माझ्याकडं टक लावून पाहत होते. मी म्हटलं, "पाहू," आणि उठले.

आज नदीपलीकडं सगळे जमले. मी पुढं उभी, हातात पुस्तक, समोर खड्डा. अंगीकार सुरू केला. माझ्यामागं सगळे म्हणत होते, म्हातारे पाठ, तरणी पोरं मोबाइलमध्ये पाहून. पापांची क्षमा म्हटलं आणि मी तोंड मिटलं. त्यांनी भीक मागितलेला एक शब्द, तो मी त्यांच्यावर म्हटला नाही. जसं त्यांनी तुझ्यासाठी तोंड मिटलं होतं तसंच मिटलं, ठरवून, जागेपणी. लोकांनी म्हटला, तो भाग वेगळा. सगळ्या मंडळीनं म्हटला, देहाचे, नातीचा आवाज तर सगळ्यांत वर. पण वडिलानं म्हटला नाही. पुनरुत्थानावर मी पुन्हा त्यांच्यात मिसळले. कोणाच्या ध्यानातही आलं नाही. तू दाराशी असतीस तर तुझ्या आलं असतं, आणि उद्या सकाळी तू माझ्याविरुद्ध पाच दारं फिरली असतीस. मास्तरांसाठी. हे मला तिथं उभ्याउभ्याच कळलं, तरी मी तोंड उघडलं नाही. वाईट वाटतंय का म्हणशील तर अजून नाही.

लिहायला बसले तेव्हा ठरवलं होतं की हे घडी करून तुझ्या दगडाखाली ठेवून येईन. नाही ठेवणार. ओट्यावर मनुकांचा डबा आहे, त्याच्या खाली राहील. मास्तर खरं बोलले, माय. ते हसले नव्हते. मी आठवून पाहिलं, म्हणजे आठवायचं काय, कधी विसरलेच नव्हते. मैत्रिणींनी माझ्याकडं पाहिलं, तुझी माय ना ती, अशा नजरेनं. पाटील म्हटलंस आणि चटयांवरून पहिल्यांदा हसले ती मी. माझ्यानंतर मग सगळे हसले. तू वळून पाहिलं नाहीस. लेकीचा आवाज तुला ओळखू आला होता का, एवढं मी तुला पंचवीस वर्षं एका घरात राहून विचारलं नाही. आता अंग धुवायला जाते.